गरिफुनांकडे पाहुणे म्हणून जाताना: फुटलेलं जहाज आणि 'कुणी सांगितलं?' हा प्रश्न



मागच्या वर्षी मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा गाइडना दिला. माझा विषय आहे कसावा नावाच्या कंदातलं सायनाइड, म्हणजे पूर्णपणे लॅबमधलं काम. पण प्रस्तावनेत थोडा इतिहास हवा म्हणून मी मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर राहणाऱ्या गरिफुना लोकांच्या कसावा-भाकरीवर एक परिच्छेद टाकला होता. त्याचं पहिलं वाक्य असं होतं: 'गरिफुना हे १६३५ साली फुटलेल्या गुलामांच्या जहाजातून वाचलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज आहेत.' रसायनशास्त्राच्या पानांवर गाइडनी फारसं काही लिहिलं नाही. या वाक्याभोवती मात्र लाल गोल, आणि बाजूला दोनच शब्द: 'कुणी सांगितलं?'

खरं सांगायचं तर मला राग आला. हे वाक्य सगळीकडे आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकात आहे, पाककृतींच्या पुस्तकांत आहे, माझ्या विषयातल्या शोधनिबंधांच्या प्रस्तावनांतही आहे. सगळीकडे आहे म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले होते. पण 'कुणी सांगितलं?' याचं उत्तर शोधायला बसले आणि तीन महिने त्यातच गेले. ते तीन महिने वाया गेले नाहीत, म्हणून हा लेख.

मी स्वतः अजून तिकडे गेलेले नाही, त्यामुळे प्रवासवर्णन लिहीत नाही. पण समजा तुम्ही पाहुणे म्हणून बेलीझमधल्या डँग्रिगा किंवा हॉपकिन्स या गावात उतरलात, किंवा ग्वातेमालातल्या लिव्हिंगस्टनला, किंवा होंडुरासच्या किनाऱ्यावर. तुमच्यासमोर एक ताट येईल, एक भाषा कानावर पडेल, एक मिरवणूक दिसेल, ढोल ऐकू येतील. प्रत्येक गोष्टीला आपण एकच प्रश्न विचारू: हा पुरावा नक्की कशाचा आहे?

आधी ताट

पाहुण्यापुढे बहुधा दोन गोष्टी येतात: एरेबा आणि हुदूत.

एरेबा म्हणजे कडू कसाव्याची पातळ, कोरडी, मोठ्या परातीएवढी भाकरी. कसावा आपल्याला अनोळखी नाही. उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चपासून तयार होतो, आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात त्याचे कारखाने आहेत. पण कडू जातीचा कंद नुसता उकडून खाल्ला तर विषबाधा होऊ शकते. त्याच्या पेशींत लिनामारिन नावाचं संयुग असतं आणि लिनामारेज हे विकर वेगळ्या कप्प्यात असतं. कंद किसला की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड मोकळं होतं. ते २६ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं, म्हणजे ते उडून जातं, थोडं पाण्याबरोबर निघून जातं, आणि उरलंसुरलं भाजताना जातं.

गरिफुना बायका हेच करतात. कंद सोलतात, बारीक दगडांचे कण बसवलेल्या लाकडी फळीवर किसतात. या फळीला एगी म्हणतात. मग तो ओला कीस रुगुमा नावाच्या लांब विणलेल्या नळीत भरतात. नळी वर टांगायची आणि खालून वजन देऊन ताणायची. ताणली की ती अरुंद होते आणि रस पिळून निघतो. मग वाळलेला गोळा चाळायचा आणि मोठ्या लोखंडी तव्यावर भाजायचा. हे एकटीदुकटीचं काम नव्हे, गटाने आणि गाणी म्हणत करायचं काम आहे.

आता मुद्दा असा, की हीच विणलेली नळी ओरिनोको आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मूळनिवासी वापरतात. कसावा हे पीकही दक्षिण अमेरिकेतलंच. म्हणजे एरेबा आपल्याला दक्षिण अमेरिकेकडे नेते, आफ्रिकेकडे नाही.

हुदूत मात्र वेगळी वाट दाखवतं. उकडलेली कच्ची-पिकी भाजीची केळी मोठ्या लाकडी उखळात कुटून त्यांचा गोळा करतात आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या माशाबरोबर खातात. कोकणातल्या माणसाला हे ताट परकं वाटणार नाही. पण असा कुटलेला पिठूळ गोळा रश्शाबरोबर खाणं ही पश्चिम आफ्रिकेतली जुनी पद्धत आहे; तिथे त्याला फुफू म्हणतात. आणि केळी नि नारळ कोलंबसानंतर जुन्या जगातून कॅरिबियनमध्ये आले.

एकाच जेवणात तीन खंड. 'फुटलेल्या जहाजातले आफ्रिकी' एवढ्यावर हे जेवण समजत नाही. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला कडू कसाव्याचं विष काढायला कुणीतरी शिकवलं असणार. असं ज्ञान एका दिवसात मिळत नाही, त्यासाठी घरात राहावं लागतं.

मग भाषा

गरिफुना माणूस दिसायला बहुतेक वेळा आफ्रिकी वंशाचा वाटतो. मायकेल क्रॉफर्ड यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी रक्तगट आणि इतर आनुवंशिक खुणा तपासल्या, तेव्हाही आफ्रिकी वंशाचा वाटा सर्वांत मोठा आणि अमेरिकी मूळनिवाशांचा त्याहून कमी असंच दिसलं. पण भाषा? गरिफुना भाषा आरावाक कुळातली, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या मूळनिवाशांची. आफ्रिकी शब्द तिच्यात फारच थोडे.

आणि गंमत बघा. काही शब्द पुरुष वेगळे बोलतात, बायका वेगळे. 'मी' म्हणायला पुरुष 'आऊ' म्हणतात, बायका 'नुगुया'. पुरुषांकडचे असे बरेच शब्द करीब भाषेतले आणि बायकांकडचे आरावाक. हा फरक नवा नाही. रेमों ब्रतों नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने डोमिनिका बेटावर राहून केलेला करीब-फ्रेंच शब्दकोश १६६५ साली छापला गेला, त्यात हा फरक आधीच नोंदलेला आहे.

याचं पारंपरिक स्पष्टीकरण असं: करीब पुरुषांनी आरावाक पुरुष मारले, त्यांच्या बायका ठेवून घेतल्या, म्हणून दोन भाषा. भाषाशास्त्रज्ञ आता याबाबत सावध बोलतात. पुरुषांचे ते शब्द व्यापारासाठी मुख्य भूमीवरच्या करीबांशी बोलण्यातून आलेले असू शकतात. म्हणजे इथेही एक नाट्यमय गोष्ट आणि तिच्यामागे एक साधी, रोजच्या देवाणघेवाणीची शक्यता. हा नमुना लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

आता आकडे मोजू. एक, दोन, तीन: आबान, बियामा, उरुवा. हे मूळचे. चारपासून: गादुरू, सेंगू, सीसी, सेदू, विदू, नेफू, दीसी. फ्रेंच शिकलेल्यांच्या लगेच लक्षात येईल, हे कात्र, सँक, सीस, सेत, वीत, नफ, दीस आहेत. शेजारच्या बेटांवर फ्रेंच होते, त्यांच्याशी खरेदी-विक्री चाले, आणि बाजारातली मोजणी बाजाराच्या भाषेत झाली. आपणही पाव, चावी, साबण हे शब्द पोर्तुगिजांकडूनच घेतले. 'बटाटा' तर आणखी लांबून आला. तो पोर्तुगिजांमार्फत आला खरा, पण मूळचा कॅरिबियनमधल्या ताइनो भाषेतला, तिथे तो रताळ्यासाठी होता. ताइनो ही आरावाक कुळातलीच. म्हणजे बटाटा म्हणताना आपण गरिफुनाच्या एका नात्यातल्या भाषेतला शब्द उच्चारत असतो.

भाषेचा पुरावा काय सांगतो? आफ्रिकेतून आलेले लोक इथे स्वतःचा वेगळा समाज उभारून राहिले नाहीत. ते आधीपासून असलेल्या एका समाजात मिसळले, त्यांची मुलं त्या समाजाची भाषा बोलत वाढली. आणि बहुधा ते एकाच वेळी, एकच भाषा बोलणारा मोठा गट म्हणून आले नसावेत. तसे आले असते तर त्यांच्या भाषेचा ठसा याहून खोल दिसला असता. हे अनुमान आहे, सिद्धता नाही. पण अनुमान म्हणून भक्कम आहे.

जहाज कुणी बुडवलं?

आता त्या वाक्याकडे वळू. गरिफुनांची जन्मभूमी म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं सेंट व्हिन्सेंट बेट. ते त्याला युरुमेन म्हणतात. फुटलेल्या जहाजाची गोष्ट याच बेटाजवळची. पण पुस्तकं चाळायला लागलं की पहिला खडा लागतो तो सालाचा. कुठे १६३५, कुठे १६७५. कुठे एक जहाज, कुठे दोन. चाळीस वर्षांचा फरक आणि जहाजांच्या संख्येचाही फरक! आपल्या प्रयोगातल्या रीडिंगमध्ये एवढी तफावत आली असती तर आपण उपकरणच तपासायला घेतलं असतं.

या कथेचं सर्वांत गाजलेलं छापील रूप येतं १७९५ सालच्या एका इंग्रजी पुस्तकातून. पुस्तक सेंट व्हिन्सेंटवरच्या 'काळ्या करीबां'चा वृत्तांत म्हणून छापलेलं. इंग्रज गरिफुनांना याच नावाने ओळखत. कर्ते सर विल्यम यंग. त्यात जहाज १६७५ साली बेक्वे बेटाजवळ फुटतं. आता हे यंग कोण? १७६३ च्या पॅरिस तहाने सेंट व्हिन्सेंट ब्रिटनला मिळालं. अशा नव्याने मिळालेल्या बेटांवरच्या जमिनी विकण्यासाठी ब्रिटिश सरकारने कमिशन नेमलं, आणि त्याचे प्रमुख होते या यंगांचे वडील, तेही सर विल्यम यंग. कुटुंबाची सेंट व्हिन्सेंटवर मळेदारी होती. मुलाने पुस्तक रचलं ते मुख्यतः वडिलांच्या कागदपत्रांवरून.

म्हणजे ज्यांना ती जमीन हवी होती, त्यांनीच सांगितलं की हे लोक इथले नव्हेत.

हे थोडं उलगडून बघा. उसासाठी सर्वांत चांगली जमीन बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला होती आणि ती गरिफुनांच्या ताब्यात होती. त्यांना बेटाचे मूळ रहिवासी मानलं, तर त्यांचा हक्क मान्य करावा लागतो. पण ते अपघाताने किनाऱ्याला लागलेले, दुसऱ्या कुणाचे तरी गुलाम होते असं ठरलं की चित्र पालटतं. 'लाल' किंवा 'पिवळे' करीब हे खरे मालक, आणि 'काळे' करीब हे त्यांची जमीन बळकावणारे परके. मग त्यांना हटवणं म्हणजे अन्याय नव्हे, उलट न्यायच! एका फुटलेल्या जहाजावर केवढी मोठी इमारत उभी राहते ते बघा.

मग जहाज फुटलंच नाही का? असं मी म्हणत नाही. त्या काळात त्या समुद्रात गुलामांची जहाजं फुटत होती, आणि एखाद-दुसरं सेंट व्हिन्सेंटजवळ फुटलं असणं पूर्ण शक्य आहे. प्रश्न असा, की एका जहाजातून एक अख्खा समाज झाला का? सतराव्या शतकातल्या इंग्रजी पत्रव्यवहारातच बार्बाडोसहून पळालेल्या गुलामांचे उल्लेख सापडतात. नकाशा काढून बघा. बार्बाडोस सेंट व्हिन्सेंटच्या पूर्वेला, साधारण १६० किलोमीटरवर. व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. बार्बाडोसच्या मळ्यातून पळालेल्या माणसाने होडी किंवा तराफा पाण्यात लोटला तर वारा त्याला आपोआप सेंट व्हिन्सेंटकडे नेतो, आणि त्याला परत आणायला निघालेल्याला परतीच्या वाटेवर वाऱ्याविरुद्ध यावं लागतं. याशिवाय करीब योद्धे इतर बेटांवर छापे घालून आफ्रिकी माणसं घेऊन येत, तेही होतंच.

म्हणजे चित्र असं दिसतं: काही फुटलेल्या जहाजांतून, बरेच पळून, काही पकडून आणलेले, कित्येक दशकं थोडेथोडे येत राहिले आणि बेटावरच्या लोकांत मिसळले. भाषेचा पुरावाही याच बाजूने बोलतो. 'जहाज फुटलं' या वाक्यात माणसं फक्त वाहत येतात. 'पळून आले' म्हटलं की त्यांनी काहीतरी केलेलं असतं. मळेदाराला यातलं पहिलं वाक्य जास्त सोयीचं होतं.

वर्गीकरण कागदावर राहत नाही

आपण विज्ञानवाले वर्गीकरणाला निरुपद्रवी समजतो. म्हणून पुढची हकीकत जरा सावकाश वाचा.

१७७३ मध्ये पहिल्या लढाईनंतर तह झाला आणि बेटाच्या उत्तरेचा भाग गरिफुनांसाठी राखला गेला. मळेवाल्यांचा दबाव थांबला नाही. १७९५ मध्ये फ्रेंचांच्या मदतीने पुन्हा युद्ध पेटलं. गरिफुनांचा नेता जोसेफ शातोये, त्यांच्या भाषेत सातुये, १४ मार्च १७९५ ला मारला गेला. तो एका इंग्रज मेजरशी द्वंद्व खेळताना पडला, ही कथा इंग्रजांच्याच बाजूची आहे, हे आता वेगळं सांगायला नको. २००२ मध्ये सेंट व्हिन्सेंटने त्याला पहिला राष्ट्रवीर घोषित केलं, आणि १४ मार्च तिथे राष्ट्रवीर दिन असतो.

१७९६ मध्ये गरिफुना हरले. त्यांची घरं, होड्या, शेतं जाळली गेली आणि चार-पाच हजार माणसांना बॅलिसो या छोट्या, ओसाड बेटावर आणून ठेवलं. पुरेसं पाणी नाही, अन्न अपुरं, त्यात साथ. काही महिन्यांत जवळपास निम्मी माणसं मेली. त्याच काळात इंग्रजांनी कैद्यांची निवड केली: 'पिवळे' करीब वाटले त्यांना बहुतेक परत पाठवलं, 'काळे' वाटले त्यांना हद्दपार केलं. एकाच समाजातली, एकच भाषा बोलणारी माणसं रंग बघून वेगळी काढली. पुस्तकातलं वर्गीकरण दोन वर्षांत बंदिछावणीतली रांग झालं.

१७९७ च्या एप्रिलमध्ये साधारण दोन हजार माणसं होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवण्यात आली, जन्मभूमीपासून अडीच हजार किलोमीटरहून दूर. तिथून ते स्पॅनिश ताब्यातल्या त्रुहियोला गेले आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने आजच्या होंडुरास, ग्वातेमाला, बेलीझ आणि निकाराग्वात पसरले. सेंट व्हिन्सेंटवर जे लपून राहिले त्यांचे वंशज ग्रेग्ज, सँडी बे अशा गावांत आजही आहेत, पण भाषा तिथून गेली. आज मध्य अमेरिकेत जे लाखो गरिफुना आहेत, ते त्या दोन हजारांचे वारस. एरेबाची फळी आणि ती लांब नळी या सगळ्यातून टिकली.

मिरवणूक: १९ नोव्हेंबर

पाहुणे म्हणून जायचं तर बरेच जण बेलीझला १९ नोव्हेंबर गाठतात. त्या सकाळी डँग्रिगात होड्या समुद्राकडून किनाऱ्याला लागतात. होड्यांत ढोल असतात, कसाव्याची रोपं, केळीचे कोंब, झावळ्या. किनाऱ्यावर लोक गात उभे असतात. मग वाजतगाजत सगळे चर्चकडे जातात. या आगमनाच्या नाटकालाही युरुमेन म्हणतात.

हा दिवस १८३२ च्या आगमनाचा मानतात. मध्य अमेरिकेतल्या यादवीत हरलेल्या बाजूला राहिलेले गरिफुना होंडुरासमधून निसटून आले, त्यांचा म्होरक्या आलेहो बेनी, अशी परंपरा. पण गरिफुना बेलीझच्या किनाऱ्यावर त्याआधीही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून ते लाकूडतोडीच्या कामाला येत होते. आणि सण म्हणून हा दिवस सुरू झाला १९४१ मध्ये, थॉमस व्हिन्सेंट रामोस या होंडुरासमध्ये जन्मलेल्या कार्यकर्त्याच्या प्रयत्नातून. १९४३ मध्ये दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत सुट्टी मिळाली, १९७७ मध्ये देशभर.

इथे अर्धवट शिकलेला संशोधक म्हणतो, 'म्हणजे ही परंपरा खोटीच!' मीही हेच म्हणाले असते. पण थांबा. यंगची कथा आणि रामोसचा सण, दोन्ही भूतकाळातून निवडलेल्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकच प्रश्न विचारा: यातून कुणाला काय मिळतं? यंगच्या कथेतून मळेदाराला जमीन मिळते. रामोसच्या सणातून, शाळेत आणि नोकरीत हिणवल्या जाणाऱ्या लोकांना वर्षातला एक दिवस मान ताठ करता येते. आणि होड्यांत काय असतं बघा: रोपं. तिथे ते वाहत येत नाहीत, शेती घेऊन येतात. चिकित्सा दोघांचीही करायची, पण दोघांना एकाच मापाने झोडपायचं नाही.

ढोल, आणि जिथे थांबायचं ते दार

गरिफुना संगीतात मुख्य ढोल दोन. सेगुंदा ठेका धरून ठेवतो, प्रिमेरा त्यावर खेळतो. ख्रिसमसच्या दिवसांत वानारागुआ हा मुखवट्यांचा नाच असतो. नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर गोऱ्या माणसाचा मुखवटा, गुडघ्यांना शिंपल्यांची घुंगरं. इथे ढोल नाचणाऱ्याला चालवत नाही. ढोलवाला नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजवतो. लोक सांगतात, पुरुषांनी बायकांचा वेश घेऊन इंग्रजांना फसवलं, त्याची ही आठवण. जमैका आणि बहामातही याच्याशी नातं सांगणारे 'जॉन कनू'चे नाच आहेत, तेव्हा एकट्या सेंट व्हिन्सेंटची गोष्ट सांगून हा नाच संपत नाही.

हॉटेलच्या अंगणात तुम्हाला पुंता हमखास दाखवतील. कंबर झपाट्याने हलते, वरचं शरीर स्थिर. पाहुणे टाळ्या वाजवतात. पण पुंताचं एक मूळ स्थान म्हणजे माणूस गेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थनांनंतर होणारं रात्रभराचं जागरण. गाणी बहुतेक बायकांनी रचलेली, आणि त्यांत दुःख, तक्रार, घर सोडून गेलेला नवरा असं सगळं असतं. नाच उत्साही, शब्द जड. अर्थ विचारल्याशिवाय हे कळत नाही.

आणि एक गोष्ट पाहुण्याला दिसू नये, हेच योग्य. दुगू हा पूर्वजांसाठीचा विधी. घरातलं आजारपण हटेना, तर पूर्वज नाराज आहेत असं बुयेई, म्हणजे भगत, सांगतो. मग दूरदूरचे नातेवाईक, अगदी न्यूयॉर्कहूनही, एकत्र येतात आणि दाबुयाबा या विधीघरात कित्येक दिवस ढोल, गाणी, जेवणं चालतात. हा कुटुंबाचा विधी आहे, कार्यक्रम नव्हे. बोलावणं नसेल तर जायचं नाही, बोलावलं तरी कॅमेरा काढायचा नाही. आपल्याकडे एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना आपण 'संमती' या रकान्यात टिकमार्क करून पुढे जातो. संमती म्हणजे 'नाही' हे उत्तरही ऐकायची तयारी. सगळं माहीत करून घेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

आज पणाला काय आहे?

दोन गोष्टी: भाषा आणि जमीन.

भाषेचं बघा. बेलीझचा गायक अँडी पलासिओ १९८० मध्ये साक्षरता मोहिमेसाठी निकाराग्वात गेला, तेव्हा तिथल्या गरिफुना वस्तीत भाषा फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेली त्याने पाहिली. उद्या आपल्याकडेही हेच होणार, या धास्तीतून त्याचं पुढचं काम उभं राहिलं. २००१ मध्ये युनेस्कोने गरिफुनांची भाषा, नृत्य आणि संगीत यांचा मानवतेच्या वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून गौरव केला, आणि २००८ मध्ये तो वारसा प्रातिनिधिक यादीत आला. पलासिओचा 'वाटिना' हा अल्बम २००७ चा. जानेवारी २००८ मध्ये तो अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला.

जमिनीचं प्रकरण अजून चालूच आहे. होंडुरासमध्ये गरिफुना गावांच्या किनाऱ्यावर पर्यटन प्रकल्पांचा डोळा आहे, आतल्या जमिनीवर पामतेलाच्या लागवडीचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्रिउन्फो दे ला क्रूझ आणि पुंता पिएद्रा या दोन गरिफुना गावांच्या खटल्यांत निकाल दिला: त्यांच्या सामूहिक मालकीच्या हक्काचं रक्षण होंडुरासने केलं नाही. पुढे जुलै २०२० मध्ये त्रिउन्फो दे ला क्रूझमधल्या गरिफुना नेत्यांना पोलिसी कपड्यांतल्या सशस्त्र माणसांनी घरांतून उचलून नेलं.

म्हणजे 'हे लोक मूळचे कुठले' हा प्रश्न अभ्यासिकेतला नाही. १७९५ मध्ये त्याच्या उत्तरावर जमीन अवलंबून होती, आजही आहे. आणि पाहुणा ज्या समुद्रकाठच्या खोलीत उतरतो, ती कुणाच्या जमिनीवर आहे, हा प्रश्नही त्याच इतिहासाचा भाग आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय कॅरिबियनचा नसेल. पण महाराष्ट्रात काम करणार असाल तर आज ना उद्या ब्रिटिशकालीन गॅझेटियर उघडाल. त्यात एखाद्या जमातीबद्दल 'हे लोक मूळचे अमुक प्रांतातले, स्वभावाने भटके, चोरीची सवय' असं अगदी थंडपणे लिहिलेलं सापडेल. अशाच वर्गीकरणाच्या मागून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि १९५२ मध्ये तो गेल्यावरही विमुक्तांच्या पाठीवरचा शिक्का पुसला गेला नाही. ते वाक्य उचलून प्रस्तावनेत टाकण्याआधी तीन गोष्टी करा:

१. ते वाक्य पहिल्यांदा कुठे छापलं, तिथपर्यंत मागे जा. दहा पुस्तकं एकमेकांवरून उतरवत असतील तर तो पुरावा दहा नव्हे, एकच आहे.

२. लिहिणाऱ्याचं त्या गोष्टीत काय गुंतलं होतं ते शोधा. गुंतलं होतं म्हणजे तो खोटंच बोलला असं नाही. पण मग त्याच्या शब्दावर एकट्याने भार टाकायचा नाही.

३. लेखी कागदाला बिगर-लेखी पुराव्याशी ताडून बघा. भाषा, अवजार, स्वयंपाक, वाऱ्याची दिशा. आपण विज्ञानवाले इथे मागे नाही, उलट आपल्याला थोडा फायदाच आहे.

माझं ते वाक्य आता असं आहे: 'गरिफुना समाज सतराव्या-अठराव्या शतकात सेंट व्हिन्सेंट बेटावर घडला. गुलामगिरीतून पळालेले, जहाजं फुटून आलेले आणि छाप्यांत आणलेले आफ्रिकी लोक तिथल्या आरावाक-करीब समाजात मिसळले. कडू कसावा निर्विष करण्याचं तंत्र त्यांना त्या समाजाकडून मिळालं.' आधीच्यापेक्षा लांब आहे, गोष्ट म्हणून तेवढं चटकदारही नाही. पण माझ्या रसायनशास्त्राला आता त्याचा उपयोग आहे, कारण तंत्र कुणाकडून कुणाकडे गेलं हे त्यात आहे.

दुसऱ्या मसुद्यात गाइडनी लाल गोल केला नाही. कडेला पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'एरेबा कधी खाल्ली आहेस का?' नाही खाल्ली. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर आले तर पुढच्या नोव्हेंबरमध्ये बघू.